टॅटूचं दुकान: परवाना कुणाचा, कशाचा?

प्रश्न: मी खानापूरची. मुंबईत टॅटूचा कोर्स केला आहे. आता बेळगावात, टिळकवाडीत गाळा घेऊन काम सुरू करायचं आहे. टॅटू आर्टिस्टचं लायसन कुठे मिळतं?

उत्तर: असं लायसन आपल्याकडे नाहीच. कोर्सचं सर्टिफिकेट गिऱ्हाइकाला दाखवायला ठीक. तो सरकारी परवाना नव्हे. परवाना लागतो दुकानाला. महानगरपालिकेकडून ट्रेड लायसन घ्या. भाडेकरार आणि घरपट्टीची पावती लागते, म्हणून करार करतानाच मालकाकडून पावतीची झेरॉक्स मागून घ्या. मागची घरपट्टी थकलेली असेल तर अर्ज तिथेच अडकतो. कामगार खात्याकडे दुकान-आस्थापना नोंदणी वेगळी, १९६१च्या कायद्याखाली, दुकान उघडल्यापासून ३० दिवसांत.

पाटीचं आधी ठरवा, मग रंगवा. कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीनुसार ६० टक्के भाग कन्नड हवा, तोही वरच्या बाजूला. मराठी खाली चालते. नुसती मराठी पाटी लावलीत तर नोटीस ठरलेली.

आता खरं महत्त्वाचं. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी काविळ) याची लस तुम्ही स्वतः घ्या: पहिला डोस, मग १ आणि ६ महिन्यांनी. सुई एकदाच वापरायची. स्टीलच्या ग्रिप (मशीनची हातात धरायची मूठ) आधी घासून धुवायच्या, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. नुसतं उकळून जंतूंचे टणक बीजाणू मरत नाहीत. शाई छोट्या कपात काढा, उरलेली बाटलीत परत ओतू नका. रक्त तिच्यात गेलेलं असतं. वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात. घंटागाडीत टाकल्यात तर टोचणार सफाई कामगाराला.

अठराच्या आतल्यांना नाही म्हणा, आई सोबत आली तरी.