समोरून हलकी धडक बसल्यापासून गाडीचा एसी गार होत नाही, गॅस भरून घेऊ का?

भाऊ, आत्ता गॅस भरू नका.

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे भुसावळहून जळगावला येताना पुढच्या ट्रॅक्टरने एकदम ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॉलीला टेकली. बंपरवर ओरखडा, जाळीला एक चीर, बाकी सगळं ठीक. दोन दिवसांनी एसी नुसता गरम वारा फेकायला लागला. गॅरेजवाला म्हणतो, गॅस संपलाय, भरून देतो. मी इकडे जळगावात गाड्यांच्या एसीचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो. जुन्या गाडीत ओ-रिंगमधून (जोडातल्या रबरी कडीतून) वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते वेगळं. पण धडकेनंतर दोन दिवसांत गेला असेल तर कुठेतरी भोक पडलंय, आणि ते तसंच ठेवून भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे गरम झालेला गॅस जिथे थंड होतो त्या भागावर. जाळीच्या मागे, रेडिएटरच्याही पुढे, ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्यांची जी चौकट दिसते ती. ट्रॉलीची मागची कड आपल्या बंपरपेक्षा उंच असते, त्यामुळे मार बंपरवर कमी आणि जाळीवर जास्त बसतो. शिवाय बंपर प्लॅस्टिकचा. आत दबतो आणि परत जागेवर येतो. बाहेरून काही झालंय असं वाटतच नाही. आत कंडेन्सर जरा सरकला असेल, तर त्याची नळी बॉडीला घासत राहते आणि काही दिवसांनी फुटते. तुमचा एसी लगेच न जाता दोन दिवसांनी गेला, त्यामुळे मला एकतर हे वाटतं किंवा केसाएवढी बारीक चीर.

सकाळी उजेडात टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस निसटतो तिथे तेलकट डाग पडतो, आणि आपल्याकडची धूळ त्यावर लगेच चिकटते. नळ्यांवर किंवा जोडावर असा काळपट ओला ठिपका दिसला की निम्मं काम झालं.

मात्र गॅस शाबूत असूनही एसी बंद पडू शकतो, तेही बघायला हवं. गाडी चालू ठेवून एसी लावा आणि बॉनेट उघडा. पुढचा पंखा फिरतोय का? (हात लांब ठेवा, तो केव्हाही सुरू होतो.) धडकेत पंख्याचं पातं चौकटीला अडकतं किंवा प्लग निसटतो. मग हायवेवर वारा लागतो तोवर एसी गार, आणि रेल्वे फाटकावर उभं राहिलं की गरम. दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. तसं होत असेल तर गॅसचा काही संबंध नाही. दुसरं, ऑटोमॅटिक एसीच्या बऱ्याच गाड्यांत बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर बंपरच्या मागेच असतो. त्याचा प्लग निघाला की मीटरवर मेच्या उन्हात उणे ४० दिसतं, आणि एवढी थंडी आहे म्हणून गाडी कॉम्प्रेसर चालूच करत नाही. प्लग परत बसवला की काम झालं. फ्यूज आणि रिले बघायला तर दोन मिनिटंही लागत नाहीत.

एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा 'टक' आवाज येत नसेल तर बहुधा गॅस कमी होऊन स्विचने तो बंद ठेवलाय. हा आवाज कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचचा. काही नव्या गाड्यांत तो क्लचच नसतो, तिथे या आवाजावर जाऊ नका.

गॅरेजवाला व्हॉल्व्हची पिन दाबून 'फुस्स' आवाज दाखवेल. त्यावरून गॅस आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. त्याला दाब मोजायचं गेज लावायला सांगा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत आर-१३४ए गॅस असेल तर ३० अंशांना साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसायला हवं, ४० अंशांना १३० च्या आसपास. काटा शून्याजवळ असेल तर सिस्टीम रिकामी. आणि नळीचा जोड स्वतः सैल करून बघू नका. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, बोटं भाजल्यासारखी होतात.

सिस्टीम रिकामी निघाली तर आधी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधायची. कंडेन्सर फुटलेला असेल तर नवाच टाका. बाजारात वेल्डिंग करून देतात, पण उन्हाळ्यात कंडेन्सरच्या बाजूला दाब २०० पीएसआयच्या बराच वर जातो आणि तो टाका फार दिवस धरत नाही. गळती बुजवणारं औषध तर अजिबात नको, पुढे तेच व्हॉल्व्हमध्ये अडकतं. सोबत ड्रायरही (आतला ओलावा शोषणारी डबी) बदला, निदान अर्धा तास व्हॅक्यूम घ्या, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढा, आणि गॅस वजन करून भरा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. 'अंदाजाने भरतो' म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

एसीपेक्षा घाईचं एक काम आहे. कंडेन्सरच्या लगेच मागे रेडिएटर असतो. इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा आणि चालवताना तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. पंखा बंद असेल किंवा कूलंट गळत असेल तर ४४ अंशांत इंजिन तापायला वेळ लागत नाही, आणि तो खर्च कंडेन्सरच्या कितीतरी पट असतो.

विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) पॉलिसी असेल तर धडकेने फुटलेला कंडेन्सर क्लेममध्ये बसतो. मात्र गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये तुमच्या खिशातून जातात, आणि नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. बोनस ५० टक्क्यांवर असेल तर आधी हिशोब करा. कन्झ्युमेबल कव्हर (गॅस, तेल अशा खर्ची वस्तूंचं जादा कव्हर) नसेल तर गॅसचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. क्लेम करायचाच असेल तर काम सुरू व्हायच्या आधी कळवा आणि बंपर उतरवलेल्या अवस्थेत सर्व्हेअरला गाडी दाखवा, नाहीतर तो ओरखडा आणि जाळी एवढंच लिहून जाईल.