वाचकांचे प्रश्न : समुद्रातल्या प्लॅटफॉर्मला किनाऱ्यावरून लाईट का नाही?

गेल्या अंकात मुंबई हायचा, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा, ओझरता उल्लेख आला आणि त्यावर नाशिक जिल्ह्यातून बरेच मेसेज आले. त्यातले चार इथे घेतोय, बाकीचे जवळपास याच चारांत बसतात.

प्रश्न : नमस्कार सर. माझे जावई मुंबई हायला प्लॅटफॉर्मवर असतात, १४ दिवस तिकडं आणि १४ दिवस घरी. ते सांगतात की लाईटसाठी तिथं विमानाच्या इंजिनासारखं मशीन रात्रंदिवस चालू असतं, कानाला मफ लावल्याशिवाय जवळ उभं राहवत नाही. आता वाड्यावस्त्यांवर एमएसईबीची लाईट पोचली, मग समुद्रात केबल टाकून यांना का देत नाहीत? (एक काकू, नाशिकरोड)

काकू, जावयांनी अगदी बरोबर सांगितलंय. ते मशीन म्हणजे गॅस टर्बाइन, विमानाच्या इंजिनाचाच भाऊबंद, आणि त्याला लागणारा गॅस त्याच विहिरींतून येतो. १९७४ मध्ये सागर सम्राट या ड्रिलिंग रिगनं तिथं तेल शोधलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं, तेव्हा किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत वीज न्यायची तर दुसरा मार्गच नव्हता, आणि गॅस तर हाताशीच होता.

टर्बाइनची ही ताकद दिवे-पंखे-एसीला फार थोडी लागते. खरं खाणारं मशीन म्हणजे गॅस दाबणारे कॉम्प्रेसर, आणि जमिनीखालचा दाब टिकावा म्हणून समुद्राचं पाणी आत ढकलणारे पंप, शिवाय तेल उरणपर्यंत रेटायचं ते वेगळंच. एका मोठ्या प्लॅटफॉर्मला त्यामुळे दहा-वीस नाही तर कधी पन्नास-शंभर मेगावॅटसुद्धा लागू शकतात.

केबल टाकून वीज नेता येते का, तर येते, आणि नेलीय. आपल्याकडं छोट्या अंतरावर २०१८ मध्ये घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाला, साडेसात किलोमीटरची समुद्राखालची केबल टाकून लाईट पोचवली. मोठं काम केलं नॉर्वेनं. २००५ मध्ये ट्रोल ए नावाच्या प्लॅटफॉर्मला कॉलस्नेस गावाहून साधारण ७० किलोमीटर केबलीतून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, वीज दिली, ऑफशोअर प्लॅटफॉर्मला अशी डीसी वीज जगात पहिल्यांदाच मिळाली. तिथली एक गोष्ट मला फार आवडते, कॉम्प्रेसर चालवणारी ४० मेगावॅटची मोटर त्यांनी नेहमीच्या तांब्याच्या पट्ट्यांऐवजी चक्क हाय व्होल्टेज केबलनं गुंडाळली, त्यामुळे ती ५६ हजार व्होल्टवर थेट चालते आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. प्लॅटफॉर्मवर एकेका टनाचा हिशोब असतो, तिथं एवढं धूड वाचणं म्हणजे खूप झालं. पुढं २०१३ मध्ये वालहाल नावाच्या फील्डला २९२ किलोमीटरवरून ७८ मेगावॅट नेले. २०१८ मध्ये योहान स्वेरड्रूप या फील्डला १०० मेगावॅट दिले, २०२२ मध्ये त्यात अजून २०० ची भर घातली.

आता आपल्याकडं का नाही? मला वाटतं मुख्य अडचण जुन्या प्लॅटफॉर्मची आहे. स्वेरड्रूप कागदावर होतं तेव्हापासूनच किनाऱ्याची वीज धरून आखलं. मुंबई हायचं सगळं उभं राहिलंय ते टर्बाइन धरून, बरेच कॉम्प्रेसर तर मध्ये विजेची मोटर नसताना थेट टर्बाइनच्या शाफ्टवर फिरतात, म्हणजे केबल आली तरी मशीनच बदलायला हवं, ते बदलायचं तर उत्पादन थांबवायचं, डीसीची नेहमीची वीज करणारा कन्व्हर्टर ठेवायला डेकवर जागा नाही म्हणून शेजारी नवीन प्लॅटफॉर्म बांधायचा. वर टर्बाइनच्या धुराची उष्णता तेल-पाणी वेगळं करायला वापरत असतील तर ती पण जाते, तिच्या जागी हीटर लावा.

पण जावयांच्या बाजूनं बघितलं तर हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. आवाज जातो, थरथर जाते, मेंटेनन्सला माणसं कमी लागतात, आणि मुख्य म्हणजे गॅसच्या पाइपांच्या गर्दीतून एक तापलेलं मशीन कमी होतं. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थला जी आग लागली तिचं कारण वेगळं होतं, बोट रायझरला, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपला, धडकली होती, पण समुद्रात आग लागली की पळायला जागा नसते हे त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं.

प्रश्न : सर माझी द्राक्षबाग आहे, डीपीपासून विहीर जेमतेम ८०० मीटर, तरी संध्याकाळी व्होल्टेज एवढं पडतं की मोटर उचलत नाही. मग १६० किलोमीटर पाण्याखालून वीज कशी काय पोचणार? (एक शेतकरी, निफाड)

दादा, तुमच्याकडं पडतं ते कमी व्होल्टेजवर जास्त करंट न्यायला लागतो म्हणून. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच विजेला करंट कमी लागतो आणि तारेतली घट एकदम खाली येते. १ लाख ३२ हजार व्होल्टवर ५० मेगावॅट न्यायला फक्त २२० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. त्यामुळे घट ही इथली मोठी अडचण नाहीच.

अडचण केबलचीच आहे. खांबावरची तार हवेत असते, तिच्याभोवती भरपूर मोकळी जागा. समुद्रातल्या केबलमध्ये मधोमध तांबं, त्यावर एक्सएलपीई नावाच्या प्लास्टिकचं इन्सुलेशन, त्यावर शिशाचं कवच, बाहेरून पोलादी तारांचं चिलखत, सगळं एकमेकांना घट्ट चिकटून. म्हणजे ती अख्खी केबल एक लांबच लांब कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारं भांडं, होते. तुमच्या ठिबकची नळी आठवा, लांब लाइन असली की आधी ती भरावी लागते, मग कुठं टोकाच्या झाडाला थेंब पडतो, आणि एसीमध्ये, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या आपल्या नेहमीच्या विजेत, ही नळी सेकंदाला ५० वेळा भरायची आणि तेवढ्याच वेळा उपसायची. ढोबळ आकडा सांगतो, १३२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) केबलला दर किलोमीटरला साधारण पावणेपाच अँपिअर नुसते भरण्यात जातात. १६० किलोमीटरचे झाले साडेसातशेच्या वर. कामाचा करंट २२० आणि केबलचा स्वतःचा साडेसातशे! एवढ्यात केबलची सगळी कुवत संपते. दोन्ही टोकांना रिअ‍ॅक्टर (म्हणजे हा भरायचा करंट भागवणारी कॉइल) लावून, व्होल्टेज थोडं कमी ठेवून ताणता येतं, नॉर्वेनं मार्टिन लिंगे फील्डला १६२ किलोमीटर एसी केबलनं ५५ मेगावॅट नेलेत, म्हणजे जवळजवळ मुंबई हायएवढंच अंतर. पण ती काठावरची गोष्ट आहे, त्याहून लांब किंवा त्याहून मोठा लोड असेल तर डीसीच हवी, कारण डीसीत केबल एकदाच भरते.

डीसी आपल्याला नवी नाही. नाशिकहून ठाण्याला जाताना पडघा लागतं ना, तिथं चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर डीसी लाइन येते, ५०० केव्हीची, १५०० मेगावॅटची. पण ते थायरिस्टर नावाच्या स्विचचं जुनं तंत्र, त्याला दोन्ही टोकांना तगडी ग्रिड, म्हणजे आधीच चालू असलेलं विजेचं जाळं, लागते. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कसली ग्रिड? म्हणून तिथं ट्रान्झिस्टरवाला कन्व्हर्टर लागतो, तो अंधारात पडलेल्या प्लॅटफॉर्मलाही स्वतः उभा करू शकतो आणि ५० हर्ट्झची वीज घेऊन पलीकडं ६० हर्ट्झची देऊ शकतो, वालहालला तसंच करतात. भारतात या जातीची पहिली लाइन २०२१ मध्ये पुगलूर ते त्रिशूर अशी सुरू झाली.

प्रश्न : एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा जाळायचा, राख आम्ही खायची आणि तिकडं तेल कंपनीनं म्हणायचं आम्ही ग्रीन झालो, हा कुठला न्याय? (एक वाचक, एकलहरे)

तुमचा राग रास्त आहे आणि या सगळ्यात हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आकड्यानिशी सांगतो.

प्लॅटफॉर्मवरचं टर्बाइन गॅसमधल्या उष्णतेपैकी ३० टक्क्यांच्या आसपास वीज करतं, म्हणजे एका युनिटमागं साधारण ६७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आपल्या देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागं ७०० ग्रॅमच्या आसपास आहे, कोळशाच्या एकट्या सेटची तर किलोच्या घरात जाते. वर केबल आणि कन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जाणार. मग आजच्या ग्रिडवरून नुसती केबल ओढली तर हवेत जाणारा कार्बन कमी होत नाही, उलट थोडा वाढेल. नॉर्वेला हे परवडतं कारण त्यांची बहुतेक वीज धरणांची आहे, आणि १९९१ पासून समुद्रात गॅस जाळला की कार्बन टॅक्स भरावा लागतो. तिथंही भांडण आहेच, उत्तरेकडच्या मेल्कोया गॅस प्लांटला ग्रिडची वीज द्यायला २०२३ मध्ये सरकारनं मंजुरी दिली तेव्हा तिथल्या लोकांनी हेच विचारलं, आमची वीज, आमची रेनडिअरची कुरणं, आणि फायदा कुणाला?

पण एक हिशोब अजून आहे आणि तो मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. प्लॅटफॉर्मवर वाचलेला गॅस कुठं जातो ते बघा. उरणला महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं गॅसचं केंद्र आहे, आणि गॅस पुरत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेनं चालत नाही. तिथं टर्बाइनच्या धुरावर वाफ करून दुसऱ्यांदा वीज काढतात. तोच गॅस पाइपनं उरणला आणला आणि अशा कम्बाइन्ड सायकलला जाळला तर १०० भाग उष्णतेतून ३० ऐवजी ४५-५० भाग वीज मिळते, चांगल्या नवीन संचात त्याहून जास्त, त्यातली प्लॅटफॉर्मला लागते ती परत पाठवली, वाटेतली घट वजा केली, तरी शिल्लक उरते. तेवढी शिल्लक म्हणजे तेवढा कोळसा कमी. तेव्हा प्लॅटफॉर्मला वीज द्यायचीच असेल तर वाचलेल्या गॅसची वीज होणार की तो नुसता विकला जाणार, हे आधी लिहून घ्यावं, आणि नसेल तर सौर-पवनचे नवे मेगावॅट त्या केबलच्या नावानं उभे करायला लावावेत, यातलं एकही नसेल तर ग्रीन म्हणू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्रातला वाराही आहेच, नॉर्वेत हायविंड टॅम्पेनच्या ११ तरंगत्या पवनचक्क्या, एकूण ८८ मेगावॅट, स्नोरे आणि गुलफाक्स या दोन फील्डना वीज देतात. त्यांची सुमारे एक तृतीयांश गरज त्यातून भागते, वारा पडला की गॅस टर्बाइन आहेच.

प्रश्न : सर मी इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरला आहे. केबल तुटली तर काय? आणि यात काम करायचं तर काय शिकू? (एक विद्यार्थी, सिडको)

तुटली तर प्लॅटफॉर्म बंद पडतो, जीव वाचवायच्या यंत्रणेपुरते डिझेल जनरेटर चालतात आणि केबल दुरुस्तीचं जहाज येईपर्यंत थांबावं लागतं, त्यात आठवडे जातात. केबलचा खरा शत्रू म्हणजे जहाजाचा नांगर आणि ट्रॉलरची जाळी, म्हणून ती तळात चर खणून पुरतात, आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत बोटींची गर्दी बघता आपल्याला हे जास्तच काळजीनं करावं लागेल.

शिकायचं म्हणशील तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोटेक्शन हे दोन विषय पक्के कर. आपल्या सातपूर-अंबडला स्विचगिअर बनवणारे कारखाने आहेत, सुट्टीत इंटर्नशिप मिळव, ब्रेकर हातानं उघडून बघ, टेस्टिंग कसं होतं ते बघ. डीसी करंट तोडणं एसीपेक्षा अवघड का असतं, हा प्रश्न तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचार आणि तो काय सांगतो ते मला कळव, पुढच्या अंकात त्यावर लिहू.