मुदत मागू नकोस, हप्ते माग

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा आहे, म्हणजे झोप उडाली आहे हे वेगळं सांगायला नको. तीन ॲपची कर्जं, त्यातलं तिसरं पहिल्या दोघांचं भागवायला घेतलेलं. पगार सात तारखेला आणि खात्यातून कापून जाणार पाच तारखेला. घरी अजून कुणाला पत्ता नाही. हे सगळं मोकळेपणाने लिहिलंस, फार बरं केलंस. आता घरातल्या एका माणसालाही सांगून टाक. वसुलीवाले घाबरवतात ते बहुतेक वेळा घरी कळण्याच्या भीतीवर. घरच्यांना आधीच तुझ्याकडून कळलेलं असलं की ते हत्यारच त्यांच्या हातून जातं.

मी पतसंस्थेत चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी वसुलीच्या टेबलावर. फोन लावणारी मी असायचे. म्हणून पलीकडच्या माणसाला काय ऐकू जातं आणि काय नुसतं कानावरून जातं, हे मला ठाऊक आहे. ‘थोडी मुदत द्या’ हे वाक्य कानावरून जातं. ते आम्ही दिवसाला तीस वेळा ऐकायचो.

तिसऱ्या ॲपचा हिशेब तू पाठवलास, तो मी कागदावर मांडून पाहिला. कर्ज 10,000 रुपयांचं. प्रोसेसिंग फी 1,200, त्यावर 18 टक्के जीएसटी 216. हातात आले 8,584. तीस दिवसांनी भरायचे 10,300. म्हणजे 8,584 रुपये महिनाभर वापरण्याचे 1,716 रुपये, महिन्याला वीस टक्के. हे झालं मूळ कर्ज. त्यानंतर दोनदा तू ‘एक्स्टेन्शन’ घेतलंस, दर वेळी 1,500 भरून. तीन हजार रुपये गेले आणि देणं आजही 10,300च आहे. मुद्दलातला एक रुपया हललेला नाही.

मुदत मागितली की हे असं होतं. ती मिळते, विकत मिळते, आणि महिन्याने तू त्याच जागी उभा असतोस, फक्त खिसा आणखी हलका. तुला हवेत ते हप्ते. म्हणजे आजची रक्कम इथेच थांबवायची, तिचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याने देणं कमी होत जायला हवं. फोनवर समोरचा गोड आवाजात म्हणेल, ‘सर, एक्स्टेन्शन करून देतो ना, फक्त पंधराशे भरा.’ त्यावर एकच विचार: ‘हे पंधराशे मुद्दलातून वजा होणार का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर नको म्हण.

फोन करण्याआधी दोन कामं आहेत.

पहिलं, आपण कुणाशी बोलतोय ते बघ. ॲप हे नुसतं दुकान असतं. कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) वेगळी असते आणि तिचं नाव कर्जाच्या माहितीच्या कागदावर, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’वर असतं. त्याच कागदावर वार्षिक दर, सगळे आकार आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल असतो. त्यात न लिहिलेला कुठलाही आकार तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय तुझ्याकडून घेता येत नाही, ही ओळ लक्षात ठेव, बोलताना उपयोगी पडेल. रिझर्व्ह बँकेने नोंदणीकृत संस्थांच्या ॲपची यादी 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. तुझी तिन्ही तिथे शोध. एखादं सापडलं नाही, कागदच दिलेला नसेल, सात दिवसांत पैसे मागत असेल, फोनमधले नंबर आणि फोटो उघडायची परवानगी घेतली असेल, तर तिथे वाटाघाट करत बसू नकोस. तो सावकार नाही, भामटा आहे. त्याला एकदा दिलं की मागणी वाढते. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ, 1930 वर सायबर तक्रार कर, आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही कळव. बाकी हे पत्र नोंदणीकृत कंपन्यांपुरतं आहे.

दुसरं काम वहीचं. आकडा तुझ्या घरखर्चातून निघाला पाहिजे, त्यांच्या तोंडून नाही. पगार हातात 22,400. खोलीभाडं 6,500, मेस 3,600, येणं-जाणं 1,400, फोन 300, आईला 5,000. बेरीज 16,800, उरले 5,600. हे सगळेच्या सगळे कबूल करून टाकशील तर पुढच्याच महिन्यात ताप आला की शब्द मोडेल. तुझं एकूण देणं 10,300, 7,900 आणि 5,200. प्रत्येकाचे पाच समान भाग केले तर 2,060, 1,580 आणि 1,040 होतात. मिळून 4,680. मागे 920 राहतात. तिघांनाही पाचच हप्ते, म्हणजे एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडी भाकरी असं होत नाही, आणि प्रत्येकाला तसं सांगताही येतं.

आमच्याकडे एक रिक्षावाला यायचा. अपघातात पाय मोडून तीन महिने घरी बसला होता, थकबाकी बरीच चढली होती. एका सोमवारी काठी टेकत आला आणि माझ्यासमोर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा ठेवला. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं: रोजची कमाई, गॅस, घर, पोरीची फी, आणि सगळ्यात खाली ‘दर सोमवारी 700’. आमचे मॅनेजर कडक, पण त्यांनी तो पुठ्ठा दोनदा वाचला आणि दंड थांबवून सही केली. त्याच आठवड्यात दुसरे एक गृहस्थ येऊन गेले होते, ‘आठ दिवसांत सगळं क्लिअर करतो’ म्हणून. ते तसं पाचव्यांदा म्हणत होते. त्यांची फाइल वकिलाकडे गेली. रिक्षावाल्याचा आकडा लहान होता, पण तो कुठून आला ते आम्हाला दिसत होतं.

तेव्हा तुझा पुठ्ठा तयार कर आणि तारीख उलटायच्या आत पाठव. चुकलेल्या हप्त्यानंतर बोलणारा थकबाकीदार असतो, आधी बोलणाऱ्याला निदान ग्राहक म्हणून ऐकतात. फोन करच, पण त्याआधी तक्रार निवारण अधिकारी आणि कस्टमर केअर दोघांना ई-मेल गेलेला असू दे. इंग्रजीचं दडपण घेऊ नकोस, साधं लिही:

‘कर्ज क्रमांक अमुक. आजचं देणं 10,300 रुपये आहे. ते पूर्ण फेडण्याची माझी इच्छा आहे, पण एकरकमी शक्य नाही. माझा पगार 7 तारखेला होतो. दरमहा 10 तारखेला 2,060 रुपये याप्रमाणे पाच हप्त्यांत मी पूर्ण रक्कम फेडीन. या काळात दंड आणि वाढीव आकार लावू नयेत, आणि 10 तारखेच्या आधी ऑटो-डेबिट टाकू नये. मान्य असल्यास नवं वेळापत्रक लेखी पाठवावं. पगाराची स्लिप आणि खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे.’

एवढं पुरे. आजारपणाची, घरच्या अडचणीची लांबण लावू नकोस. खरी असली तरी ती वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो. तक्ता मात्र वाचतात.

फोनवर पहिला माणूस ‘सिस्टममध्ये असा ऑप्शनच नाही’ म्हणेल. त्याच्या स्क्रीनवर खरंच नसतो, त्याच्यावर चिडू नकोस. ‘ज्यांना अधिकार आहे त्यांच्याशी जोडून द्या’ म्हण आणि कॉलची वेळ व त्याचं नाव लिहून ठेव. पुढचा माणूस म्हणेल, ‘आज निम्मे भरा, मग बघू.’ तिथे तू तुझा आकडा पुन्हा सांगायचा आणि गप्प बसायचं. ती शांतता अवघड जाते, मला माहीत आहे. आम्ही मुद्दाम गप्प राहायचो, कारण समोरचा ती भरून काढायला हजार-पाचशे वाढवून बोलायचा. तू वाढवू नकोस.

हप्ते मान्य करायची कंपनीवर सक्ती नाही. त्यामुळे थोडी देवाणघेवाण होईल. मूळ दराने पाच महिन्यांचं व्याज घेऊ म्हणाले तर हिशेब मागून घे आणि झेपत असेल तर मान्य कर. दंड मात्र सोडवून घ्यायचा प्रयत्न कर. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकानुसार दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तसं चढवलेलं दिसलं तर तेवढा भाग लेखी मागून कमी करून घे. उत्तरच आलं नाही, तर दहा तारखेला ॲपमधूनच 2,060 भर आणि पावती जोडून त्याच ई-मेलवर कळव. पैसे नेहमी कंपनीच्या खात्यातच. एजंटने स्वतःचा क्यूआर किंवा यूपीआय पाठवला तर एक रुपयाही द्यायचा नाही. परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात, असाच नियम आहे.

ऑटो-डेबिटचं मी ई-मेलमध्ये मुद्दाम घातलं. पाच तारखेला खातं रिकामं असताना कंपनीने कापायला पाठवलं की ते बाउन्स होतं, बँक वेगळा चार्ज लावते, कंपनी वेगळा, आणि काही जण आठवड्यात तीनदा पाठवतात. लोक तुला सांगतील, ‘कर्ज थकलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही, खुशाल बाउन्स होऊ दे.’ ते अर्धंच खरं आहे. कर्ज थकणं ही दिवाणी बाब, पण शिल्लक नसल्यामुळे मँडेट, म्हणजे खात्यातून कापून घ्यायला तू दिलेली परवानगी, परत गेलं तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. त्याआधी रीतसर नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून भरायला पंधरा दिवस असतात. म्हणून कंपनीच्या नावाची लेखी नोटीस आली तर ती उघड, तारीख टाक आणि मला दाखव. व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेलं ‘अटक वॉरंट’ आलं तर ते मात्र खोटं. वॉरंट असं येत नाही.

कदाचित एखादी कंपनी म्हणेल, ‘7,000 भरा, सेटल करू.’ मोह होईल. पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, तेव्हा ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ नोंद होते, आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलास की बँकेतला माणूस आधी त्या शब्दावर बोट ठेवतो. पाच महिन्यांत पूर्ण फेडता येत असताना तू सेटलमेंट घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. नोकरी गेली, काहीच शक्य उरलं नाही, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही कंपनीच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘उरलेलं येणं माफ’ हे शब्द आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

त्रासाबद्दल थोडंच लिहिते, कारण नियम स्पष्ट आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन करून बदनामी, काहीही चालत नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी कंपनीची. असं झालं तर दिवस, वेळ, नंबर लिहून कंपनीकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा त्यांचा नंबर आहे.

शेवटचा हप्ता गेला की त्याच दिवशी एनओसी, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, माग आणि महिना-दीड महिन्याने सिबिलचा रिपोर्ट काढून बघ. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नोंद चुकीची दिसली तर एनओसी जोडून दुरुस्ती मागता येते.

आणि तोवर चौथं ॲप उतरवायचं नाही. हे मी कळकळीने सांगते. दुसऱ्या महिन्यात पैसे कमी पडले तर ॲपकडे न जाता मला फोन कर.

आज शुक्रवार आहे. शनिवारी वही आणि कागद काढ, रविवारी ई-मेलचे तिन्ही मसुदे मला पाठव, मी वाचून परत करते. सोमवारी साडेदहाला माझ्याकडेच ये. फोन तू कर, मी शेजारी बसते.

तुझी,
काकू