जुन्या माझदा मियाटाचे फक्त मागचे शॉकअप बदलले तर चालेल का? घरी जमेल का?

मागची जोडी बदलून गाडी चालेल, पण पुढचेही तितकेच जुने असतील तर चारही बदला. कधीही एकच मात्र बदलू नका, वळणावर गाडी विचित्र वागते.

पहिल्या पिढीची मियाटा (१९८९ ते १९९७) असेल तर घरी जमतं. चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) आहे आणि स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली. मागच्यांचे वरचे नट डिकीत सापडतील, पुढच्यांचे बॉनेटखाली. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढे वरच्या विशबोनचा लांब बोल्ट काढला की शॉकअप बाहेर यायला जागा होते.

खरा धोका स्प्रिंगचा. स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) ती नीट दाबल्याशिवाय मधल्या दांड्याचा नट सोडायचा नाही. निसटली तर हात-तोंड काही राहणार नाही. भरवशाचा कॉम्प्रेसर नसेल तर तेवढंच काम गॅरेजमधून करून घ्या, पैसे वसूल.

बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की शेवटचा धक्का झेलणारा मऊ तुकडा) नवेच घाला. या गाडीत सस्पेन्शनची हालचाल मुळातच कमी, त्यामुळे तो सतत कामाला लागतो. जुन्याचा बोटाने चुरा होतो!

रबर बुशांचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेले राहून फाटतात. हे बरेच मेकॅनिकही विसरतात.

शेवटी व्हील अलाइनमेंट. ब्रँड म्हणाल तर रोजच्या वापराला कायाबा पुरे, ट्रॅकवर जाणार असाल तर कोनी किंवा बिलस्टाइन.