फेरीचा विक्रम वाचताना

आयल ऑफ मॅन टीटी या, बेटावरच्या सार्वजनिक रस्त्यांवर होणाऱ्या मोटरसायकल शर्यतीचे आकडे तुम्ही नव्याने पाहू लागला असाल, तर विक्रमासमोर लिहिलेला वेग हा सर्वोच्च वेग नसून 37.73 मैलांच्या संपूर्ण फेरीची सरासरी असते, हे आधी पक्के लक्षात ठेवावे. पीटर हिकमन या स्वाराने 2023 मध्ये 16 मिनिटे 36.115 सेकंदांत फेरी पूर्ण केली आणि तिची सरासरी ताशी 136.358 मैल, म्हणजे सुमारे 219 किलोमीटर भरली. रॅमझीच्या हेअरपिनसारख्या, जवळजवळ थांबल्यासारख्या वेगाने घ्याव्या लागणाऱ्या वळणांची कसर यात धरलेली आहे. सल्बीच्या सरळ रस्त्यावरचा वेग अर्थातच कितीतरी अधिक असतो आणि तो या आकड्याशेजारी ठेवून तुलना करण्यात काही हशील नाही.

तुलना शक्यतो सेकंदांत करावी. या वेगाला एका सेकंदाने सरासरीत ताशी जेमतेम 0.14 मैलांचा फरक पडतो, त्यामुळे दशांशातली किरकोळ वाटणारी तफावत प्रत्यक्षात मोठी असते. शिवाय पहिली फेरी उभ्या स्थितीतून सुरू होते आणि इंधन भरण्यासाठी थांबण्याच्या फेऱ्यांत वेळ जातो, तेव्हा फेरी कोणती हे पाहिल्याशिवाय कोणाला संथ ठरवू नये.

हिकमनची ती फेरी शर्यतीसाठी भरपूर फेरफार केलेल्या सुपरबाइकवर नव्हे, तर तुलनेने कमी फेरफार केलेल्या सुपरस्टॉक वर्गातल्या बीएमडब्ल्यूवर झाली होती (मला हेच अधिक कौतुकाचे वाटते). 1957 मध्ये बॉब मॅकिन्टायरने गिलेरा मोटरसायकलवर प्रथमच ताशी 100 मैलांची सरासरी ओलांडली, तेव्हा फेरीला सुमारे सव्वाबावीस मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला होता.