फ्रेट जवळपास फुकट, मग न्हावा शेवाला एवढं बिल कसं?

प्रश्न: नमस्कार. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पॅकिंग मशीनचे स्पेअर पार्ट चीनमधल्या निंगबोहून मागवतो, दोन-तीन सीबीएम (घनमीटर), एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून. सप्लायर सीआयएफ रेट देतो (मालाची किंमत, विमा आणि फ्रेट म्हणजे जहाजाचं भाडं धरून), फ्रेट नावालाच असतं, पण न्हावा शेवा बंदरात डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडण्याचं पत्र) घ्यायला गेलं की भलंमोठं बिल येतं आणि कस्टम्स क्लिअरन्सलाही उशीर होतो. काय करू?

उत्तर: आधी सीआयएफ सोडा. सीआयएफमध्ये फॉरवर्डर (माल पाठवायची सोय करणारा एजंट) सप्लायरच ठरवतो, तो एजंट तिकडे फ्रेट जवळपास शून्य लावून माल उचलतो आणि सगळी वसुली इथे डेस्टिनेशन चार्जेसच्या नावाखाली तुमच्याकडून होते, आणि पैसे भरल्याशिवाय डीओ मिळत नाही म्हटल्यावर तुम्ही भांडणार तरी कसे? पुढच्या ऑर्डरला एफओबी निंगबो रेट (निंगबोला माल जहाजावर चढेपर्यंतचा) मागा, फॉरवर्डर स्वतः निवडा, आणि फ्रेटसोबत डीओ, सीएफएस (बंदराजवळचं कंटेनरचं गोदाम), डीस्टफिंग (कंटेनरमधून माल काढणं) हे इथले सगळे चार्जेस कोटेशनमध्ये लेखी घ्या. फ्रेट खिशातून जाईल म्हणून महाग वाटेल, पण नुसत्या फ्रेटची तुलना करूच नका, माल भोसरीत उतरेपर्यंत एकूण किती गेले ते बघा.

आता उशीर. माल आल्यावर कागद गोळा करत बसायचं नाही. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं डिक्लरेशन) जहाज येण्याच्या 30 दिवस आधीपासून भरता येतं आणि येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायलाच लागतं, नाहीतर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये लेट चार्ज, छोट्या कन्साइनमेंटचा नफा तिथेच संपतो हो. म्हणून बॅलन्स पेमेंट देण्याआधीच इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल घेतल्याची पावती) ड्राफ्ट मागवून सीएचएला, म्हणजे तुमच्या कस्टम्स एजंटला दाखवा. ओरिजिनल बीएल कुरिअरने यायची वाट बघण्यापेक्षा पेमेंट झाल्यावर टेलेक्स रिलीज (ओरिजिनल बीएल न दाखवता माल सोडायचा संदेश) घ्या. लाकडी क्रेट असेल तर त्यावर आयएसपीएम 15 चा (लाकडावर कीड मारायची प्रक्रिया केल्याचा) शिक्का आहे का, त्याचा फोटो माल लोड व्हायच्या आधी मागा, शिक्का नसेल तर माल इथे अडकतो.

चायनीज न्यू इयरच्या तोंडावर ऑर्डर टाकू नका, फॅक्टऱ्या बंद असतात आणि त्याआधी जहाजात जागा मिळवायला मारामार.

आणि सीएचएने चेकलिस्ट (बिल ऑफ एंट्रीचा मसुदा) पाठवली की फाइल व्हायच्या आधी एचएसएन कोड (ज्यावरून ड्युटी ठरते तो मालाचा कोड) आणि जीएसटी नंबर स्वतः वाचा. आयजीएसटीचं (आयातीवरच्या जीएसटीचं) क्रेडिट मिळतं, बेसिक ड्युटी आणि सोशल वेल्फेअर सरचार्जचं मिळत नाही, त्यामुळे कोड चुकून जास्त ड्युटीचा लागला तर ते पैसे थेट तुमच्या कॉस्टमध्ये जातात.