नॅनो फवारणीने यकृताला धोका आहे का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नॅनो खते आणि तांबे, जस्त, चांदीची नॅनो औषधे फवारल्याने यकृत खराब होते का, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले आहे.

नॅनो कण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचा कण (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). रक्तात शिरलेले असे कण बहुतांशी यकृतातच अडकतात, कारण रक्तातला परका कण गिळून टाकणाऱ्या कुफर पेशी तिथे असतात. पुढे काय होते, ते कण कशाचा आहे त्यावर ठरते. नॅनो युरियातला युरिया आपले यकृत स्वतःही रोज तयार करते, त्यामुळे त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. धातूंचे मात्र तसे नाही. तांबे आणि जस्ताच्या ऑक्साइडचे कण विरघळून आयन, म्हणजे धातूचे विद्युतभारित अणू, सोडतात, त्यातून पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण (पेशींना आतून इजा करणारी रासायनिक क्रिया) येतो, सूज येते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत एसजीपीटी, एसजीओटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे) वाढलेले दिसतात. चांदी यकृतात साचून राहते. यातले बरेच प्रयोग मोठ्या मात्रेचे आहेत, म्हणून एका फवारणीने घाबरून जाऊ नका. पण हंगामभर, वर्षानुवर्षे फवारणाऱ्याने निष्काळजी राहणेही बरोबर नाही.

धडधाकट कातडीतून हे कण सहसा आत जात नाहीत. खरी वाट नाकातोंडाची. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकून मोकळा करणे आजपासून बंद करा. मऊ ब्रश आणि पाणी वापरा. भुकटीची पुडी वाऱ्याकडे पाठ करून, चेहऱ्यापासून लांब फाडा आणि काठीने पाण्यात कालवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक तुषार अडवत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. हात धुतल्याशिवाय खाऊ नका, तंबाखू तर नकोच. लेबलवरची मात्रा वाढवू नका.

ज्यांना कावीळ ब किंवा क आहे, यकृतावर चरबी आहे किंवा जे दारू घेतात, त्यांनी फवारणी दुसऱ्याकडे सोपवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फवारणीआधी लिव्हर टॉनिक पिऊन संरक्षण मिळत नाही, तो खर्च मास्कवर करा.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. जाताना वापरलेल्या औषधाचे लेबल सोबत न्या आणि किती दिवस फवारले तेही सांगा, कारण रक्ततपासणीत यकृताला इजा झाल्याचे कळते, ती कशाने झाली हे कळत नाही.